भेसळ की मिलाफ? व्हिस्कीच्या व्याख्येची गोष्ट

(१/११)
सन १९०५ च्या अखेरीस लंडनच्या इस्लिंग्टन भागातील काही मद्यविक्रेत्यांवर खटले भरले गेले. आरोप अन्नभेसळविरोधी कायद्याखालचा होता. ग्राहकाने व्हिस्की मागितली आणि त्याला व्हिस्की मिळालीच नाही! बाटलीत कोणताही विषारी पदार्थ नव्हता. मग प्रश्न उरला तो एवढाच : व्हिस्की म्हणायचे कशाला?

(२/११)
हा खटला मला आठवला तो एका कौटुंबिक मेळाव्यात. माझा आतेभाऊ ठामपणे म्हणाला, "सिंगल माल्ट ती खरी. ब्लेंड म्हणजे भेसळच की!" त्याने सहज उच्चारलेल्या 'भेसळ' या शब्दावर एडवर्डकालीन इंग्लंडमध्ये न्यायालयात कीस पाडला गेला होता, हे कळल्यावर तो क्षणभर गप्प झाला. आजचा लेखनप्रपंच त्याच शब्दासाठी. मद्याची शिफारस हा हेतू मुळीच नाही.

(३/११)
आधी संज्ञा स्पष्ट करू. मटकीला आणतो तसे बार्लीला मोड आणायचे, ते वाळवायचे, आंबवायचे आणि तांब्याच्या भांड्यात ऊर्ध्वपातन करायचे; ही माल्ट व्हिस्की. 'सिंगल' म्हणजे एकाच पिंपातली नव्हे, तर एकाच भट्टीची. त्या भट्टीतील अनेक पिंपे एकत्र करूनच बहुतेक सिंगल माल्ट बाटलीत उतरते. म्हणजे मिश्रण तिथेही आहेच.

(४/११)
स्कॉटलंडमधील या पेयाचा सर्वात जुना ज्ञात लेखी उल्लेख १४९४ चा. राजाच्या आज्ञेवरून जॉन कॉर नावाच्या धर्मबंधूला 'जीवनजल' गाळण्यासाठी आठ बोल माल्ट दिल्याची नोंद राजकोषाच्या हिशेबात आहे. पुढे कर वाढले, तशी चोरटी गाळपही वाढली. १८२३ च्या अबकारी कायद्याने परवाना आवाक्यात आणला आणि दुसऱ्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने तो घेतला.

(५/११)
खरा पालट झाला १८३० मध्ये. ईनियस कॉफी या आयर्लंडमधील माजी अबकारी अधिकाऱ्याने अखंड चालणाऱ्या स्तंभयंत्राचे पेटंट मिळवले. तांब्याच्या भांड्यात प्रत्येक घाण नव्याने भरावा लागे. या यंत्रातून मद्य सतत वाहत राही. मका, गहू अशी धान्येही चालत. हे मद्य स्वस्त होते आणि चवीला सौम्य. हीच ग्रेन व्हिस्की.

(६/११)
दोहोंचा मेळ घातला तो किराणा दुकानदारांनी. वेगवेगळ्या मळ्यांचे चहा एकत्र करून वर्षभर एकच चव राखणे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले काम. किल्मार्नॉकचा जॉन वॉकर किराणा व्यापारीच होता आणि ॲबरडीनचे शिव्हास बंधूही. एडिनबरोचे अँड्र्यू अशर पितापुत्र या कलेचे आद्य प्रवर्तक मानले जातात. १८६० च्या कायद्याने कर भरण्यापूर्वीच सरकारी देखरेखीच्या गोदामात माल्ट व ग्रेन मिसळण्याची मुभा दिली. ब्लेंडेड स्कॉचचा मार्ग मोकळा झाला.

(७/११)
त्याच सुमारास फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा या कीटकाने द्राक्षमळे उद्ध्वस्त करायला सुरुवात केली. ब्रँडी दुर्मिळ होऊ लागली. इंग्लंडच्या दिवाणखान्यांतील तिची रिकामी जागा हळूहळू ब्लेंडेड स्कॉचने घेतली. उग्र, धुरकट माल्ट ज्यांना सोसवत नसे, त्यांनाही हे पेय रुचले.

(८/११)
आता पुन्हा इस्लिंग्टनकडे येऊ. १९०६ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी विक्रेत्यांना दोषी ठरवले. स्तंभयंत्रातले मद्य व्हिस्कीच नव्हे, असा त्या निकालाचा आशय. अपिलात न्यायपीठाची मते समसमान विभागली. अखेर १९०८ मध्ये राजआयोग बसला. १९०९ च्या अहवालाने दोन्ही पद्धतींच्या मद्याला व्हिस्की मानले. भेसळ ठरलेली वस्तू तीन वर्षांत अधिकृत झाली. बदलली ती केवळ व्याख्या.

(९/११)
या निकालाने माल्टच्या भट्ट्या बुडाल्या का? उलट, ब्लेंडच्या मागणीमुळेच त्यांच्यापैकी बऱ्याचशा तगल्या. आपला बहुतेक माल त्या मिश्रणकारांनाच विकत. सिंगल माल्टचा जगभर पद्धतशीर प्रचार झाला तो १९६३ नंतर, ग्लेनफिडिकच्या पुढाकाराने. म्हणजे 'अस्सल परंपरा' म्हणून मिरवणारी ही जागतिक ओळख ब्लेंडपेक्षा तब्बल शतकभराने तरुण आहे!

(१०/११)
२००९ चे नियम आज स्कॉचचे पाच प्रकार मानतात : सिंगल माल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड माल्ट, ब्लेंडेड ग्रेन आणि ब्लेंडेड. ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरणे पाचांनाही बंधनकारक. चवीचा फरक अर्थातच खरा आहे. सिंगल माल्टमध्ये एका भट्टीचा स्वभाव कळतो, ब्लेंडमध्ये अनेक स्वभाव जुळवून आणणाऱ्याचे कसब. आवड ज्याची त्याची. पण आवडीला शुद्धतेचा शिक्का लावला की इतिहास आड येतो.

(११/११)
मित्रहो, इतिहास वाचताना 'मूळ', 'शुद्ध', 'अस्सल' हे शब्द दिसले की मी थबकतो आणि विचारतो : हे कोणी ठरवले, कधी ठरवले, आणि त्यात कोणाचे हित होते? या कथेत आपण वापरलेला 'अबकारी' हा शब्दही फारसीतून आला आणि मराठीत मुरला. आज त्याला कोणी भेसळ म्हणत नाही. पुरेसा काळ लोटला की मिलाफालाच आपण परंपरा म्हणू लागतो. तुमच्या वाचनात अशी आणखी उदाहरणे असतील, तर खाली अवश्य लिहा.