बिनपरवान्याचा गुप्तहेर

हरवलेली वस्तू शोधण्यासारखी करमणूक जगात दुसरी नाही. मात्र ती वस्तू दुसऱ्याची असली पाहिजे. आपलीच वस्तू हरवली म्हणजे मनुष्य चिडतो, घरच्या माणसांवर संशय घेतो आणि ज्या जागा तीनदा पाहिल्या त्याच चवथ्यांदा पाहतो. तेच शेजाऱ्याचे काही हरवू द्या, त्याची बुद्धी कशी शांत आणि तर्कशुद्ध चालू लागते! गेल्या दीड वर्षात या क्षेत्रात मी आमच्या इमारतीपुरते थोडेसे नाव मिळविले आहे. वरच्या मजल्यावरील काकूंच्या किल्ल्या मी गव्हाच्या डब्यातून काढून दिल्या. त्या दिवशी त्यांनी दळण दिले होते, एवढ्याच धाग्यावरून. तळमजल्यावरील पेन्शनर गृहस्थांचे पासबुक पोथीत खुणेसाठी घातलेले सापडले, त्याचेही श्रेय माझेच.

माझे हे पराक्रम ऐकून पुतण्या एकदा हसत म्हणाला, “काका, तुमचा एक भाऊबंद न्यूयॉर्कात आहे. त्याची ओळख करून देतो.” आणि त्याने दूरदर्शनसंचावर एक अमेरिकन विनोदी मालिका लावून दिली. तिचे नाव ‘बोअर्ड टु डेथ’, म्हणजे आपल्या भाषेत ‘कंटाळून मेलो’. एचबीओ या वाहिनीने ती 2009 ते 2011 या काळात दाखविली. तीन पर्वे, प्रत्येकी आठ भाग, आणि एकेक भाग सुमारे अर्ध्या तासाचा. कंटाळलेल्या माणसाला ‘कंटाळून मेलो’ पाहावयास सांगणे हा पुतण्याचा खवचटपणा होता. पण चोवीसही भाग मी पाहिले, हे कबूल केले पाहिजे.

मालिकेचा नायक जोनाथन एम्स हा ब्रुकलिनमध्ये राहणारा तरुण लेखक. मूळ लेखकाचेही नाव हेच. त्याने आपले नाव नायकाला बहाल करून आपलीच थट्टा मांडली आहे. या नायकाची एक कादंबरी प्रसिद्ध झाली आहे, दुसरी काही केल्या पुढे सरकत नाही. त्याच्या मद्याला आणि गांजाला कंटाळून त्याची प्रेयसी सुझॅन त्याला सोडून जाते. रिकाम्या घरात तो रेमंड चँडलरची ‘फेअरवेल, माय लव्हली’ ही 1940 सालची गुप्तहेर-कादंबरी वाचतो, आणि त्या तंद्रीत इंटरनेटवर जाहिरात देऊन टाकतो: आपण खाजगी गुप्तहेर आहोत, परवाना नाही, पण कदाचित आपल्या उपयोगी पडू. आणि खरोखरच एक मुलगी आपल्या बेपत्ता बहिणीचा शोध करावयास त्याच्याकडे येते!

त्यांचे गांजा ओढणे मला मुळीच आवडले नाही, आणि ही मालिका मुलाबाळांसह बसून पाहण्याजोगी नव्हे, हेही सांगून टाकतो. पण जेसन श्वॉर्ट्झमनने उभा केलेला हा गुप्तहेर मला फार जवळचा वाटला. शेरलॉक होम्सपुढे आपण हात जोडतो. चँडलरच्या फिलिप मार्लोचा करारीपणा पाहून थोडे दबतो. जोनाथनपुढे असे काही करावे लागत नाही. तो एका मुलाचे चोरीस गेलेले स्केटबोर्ड परत मिळवून देण्याचे काम तितक्याच गांभीर्याने अंगावर घेतो. एका भागात तर चित्रपटाची पटकथा त्याच्या स्वतःच्याच हातून हरवते, आणि गुप्तहेराला आपल्याच निष्काळजीपणाचा माग काढीत हिंडावे लागते. त्याला साथ देणारे दोन मित्र: टेड डॅन्सनने रंगविलेला जॉर्ज हा मासिकाचा संपादक, आणि झॅक गॅलिफिनाकिसचा रे हा चित्रकथाकार. तिघेही आपापल्या घरी काहीसे निरुपयोगी ठरलेले आणि रात्री दुसऱ्याच्या भानगडी सोडवीत फिरणारे!

प्रथम मी पोटभर हसलो. पण सहासात भाग झाल्यावर हसता हसता एक विचार मनात आला. हा मनुष्य लोकांची हरवलेली माणसे शोधीत हिंडतो. मग सुझॅनला का शोधीत नाही? उत्तर सोपे होते. सुझॅन हरवलेली नाही, ती गेली आहे. हरवणे आणि जाणे या दोन क्रियापदांत केवढे अंतर आहे! हरवलेल्याचा माग काढता येतो, त्याला धागेदोरे असतात, कोठेतरी एक गव्हाचा डबा असतो. गेलेल्याच्या बाबतीत सारेच आधी ठाऊक असते, आणि म्हणूनच गुप्तहेराला तेथे काही काम नसते. दुसऱ्या पर्वात जॉर्जला कर्करोग होतो, तेव्हाही तेच. तेथे पकडण्यासारखा गुन्हेगार कोण?

माझी पत्नी जाऊन आता दीड वर्ष झाले. माझी गुप्तहेरगिरीही दीड वर्षाचीच आहे, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते. साऱ्या इमारतीचे डबे आणि पोथ्या धुंडाळणाऱ्या या गृहस्थाने आपल्याच घरातील एक लाकडी कपाट उघडले नव्हते. त्याची किल्ली हरवलेली नव्हती. ती देवघराशेजारच्या खिळ्याला, तिने लटकावली तशीच, लटकत होती.

तिसऱ्या पर्वात जोनाथनवर स्वतःचाच शोध येऊन कोसळतो. ज्याला तो वडील मानीत आला तो आपला जन्मदाता नव्हे असे त्याला कळते, आणि खऱ्या पित्याच्या शोधार्थ तो निघतो. मालिका त्या पर्वाबरोबर संपली. शेवटचा भाग पाहून झाल्यावर मी बराच वेळ बसून राहिलो, आणि मग उठून खिळ्यावरची किल्ली काढली.

कपाटात लुगडी होती, दुधाच्या हिशेबाच्या वह्या होत्या, डांबराच्या गोळ्यांचा वास होता. खालच्या खणात हातरुमालात गुंडाळलेला एक चष्मा होता. तो माझा! चार वर्षांपूर्वी तो हरवला तेव्हा मी सारे घर डोक्यावर घेतले होते. भांडी घासणाऱ्या बाईवरसुद्धा संशय घेतला होता, आणि तिसऱ्या दिवशी रागारागाने नवा करून आणला होता. या जुन्याची मोडलेली काडी नवी बसविलेली होती. म्हणजे तो तिला सापडला होता; तिने तो दुरुस्तही करून आणला होता; आणि तोवर माझ्या नाकावर नवा चष्मा पाहून, मला ओशाळे वाटू नये म्हणून, मुकाट्याने येथे ठेवून दिला होता.

मी तो लावून पाहिला. नंबर आता बदलला आहे. त्यातून नीटसे काही दिसेना. पण चष्म्याचा तरी दोष कशाला द्या?

दुसऱ्या दिवशी मी भांडी घासणाऱ्या बाईंची क्षमा मागितली. कशाबद्दल, ते त्यांना आठवेना.