कागदावर नसलेले तास

उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं तेव्हा मी उलटतपासणी घेणं सोडलं. फौजदारी वकिलासाठी याचा अर्थ काय, हे रायपूरच्या कचेरीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. साक्षीदार उत्तराआधी अडखळतो, पंच सही कुठे केली ते सांगताना आवाज खाली आणतो. सगळा खेळ कानावर चालतो. यंत्र लावून पाहिलं, तर साक्षीदारापेक्षा पंख्याचाच आवाज जास्त येतो. आता सत्र न्यायालयात माझी ज्युनिअर उभी राहते, आणि मी तिला आजवर जिथे पाठवायचो त्या रिमांडच्या कोर्टात स्वतः जातो.

उलटतपासणीचा मला गर्व होता, अजूनही आहे. तपास अधिकारी पिंजऱ्यात आला की शेजारच्या कोर्टांतली तरुण मुलं मागच्या बाकांवर येऊन बसत. मुद्दा निघाला तरी ती बसलेली दिसली की मी आणखी चार प्रश्न विचारायचो. रिमांडला असं कुणी येऊन बसत नाही. कागद पुढे सरकतो, तारीख पडते, आरोपी बाहेर. म्हणून आमच्यातले नावाजलेले वकील तिथे जात नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाची सुनावणी सगळ्यात कच्च्या हातात जाते.

माझ्या डोक्यातून एक गोष्ट कधीच गेलेली नाही: माणसाला उचललं ती वेळ आणि कागदावर अटक दाखवली ती वेळ, यांच्यामधले तास. घरचे सांगतात, मंगळवारी संध्याकाळी गाडी आली. गिरफ्तारी पत्रकावर बुधवारची रात्र असते. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचा हिशेब त्या बुधवारपासून सुरू होतो. मधल्या तासांत माणूस कुठे होता, कुणाशी काय बोलला, कशावर सही केली, याची कुठल्याच रोजनामच्यात नोंद नसते. खटला मात्र तिथेच घडून गेलेला असतो.

त्या तासांतून जो कागद बाहेर येतो त्याला आमच्याकडे मेमोरंडम कथन म्हणतात. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पण त्यातून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम 27 हेच सांगत होतं, आणि नव्या साक्ष्य अधिनियमात कलम 23च्या परंतुकात तेच आहे. म्हणून प्रत्येक मेमोरंडमच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य येतं: ‘चलो, चलकर बरामद करा देता हूं.’ बस्तरचा हलबी बोलणारा म्हातारा असो की इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, वाक्य तेच, हिंदी तीच. मेमोरंडम, जप्ती पत्रक आणि गिरफ्तारी पत्रक, तिन्हींवर पंचही तेच दोन. पुढे पंच फितूर होतात आणि आरोपीच्या घरच्यांना वाटतं, सुटलो. पण पंच उलटला तरी तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवर जप्ती शाबीत होऊ शकते, आणि होते.

कागदावर नसलेल्या तासांचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण आमच्याच शहरातलं आहे. मानवाधिकार कार्यकर्ते डॉ. बिनायक सेन यांना मे 2007 मध्ये बिलासपूरला अटक झाली. 24 डिसेंबर 2010 रोजी रायपूरच्या सत्र न्यायालयाने राजद्रोहासाठी जन्मठेप दिली. तो खटला ज्या पत्रांवर उभा होता ती सहआरोपी पीयूष गुहा यांच्याकडून जप्त झाल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. पोलिसांच्या मते गुहांना 6 मे रोजी स्टेशन रोडवर पकडलं. गुहांनी दंडाधिकाऱ्यापुढे सांगितलं की आपल्याला 1 मे रोजीच हॉटेलातून उचललं होतं. पुढे सर्वोच्च न्यायालयातल्या सरकारी शपथपत्रात अटकेची जागा म्हणून हॉटेलचंच नाव आलं. खालच्या कोर्टात ती टंकनातली चूक ठरली. 15 एप्रिल 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेन यांना जामीन दिला. देशभरातले नामांकित वकील त्या प्रकरणात उभे राहिले, पण ते पाच दिवस कुणालाही कागदावर आणता आले नाहीत.

माझ्या गुरूंना याची तोड माहीत होती. माणूस उचलला गेल्याचं कळलं की ते घरच्यांना आधी तारघरात पाठवायचे. कलेक्टर, एसपी आणि दंडाधिकारी, तिघांना तार. मजकूर दोन ओळींचा. किंमत त्या ओळींची नव्हती, तारघराच्या शिक्क्यावरच्या वेळेची होती. अटकेच्या आधीची तार म्हणजे बेकायदा कोठडीचा पुरावा. जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली. आता ईमेल आहे, मोबाइलचं लोकेशन आहे, आणि थान्यातला कॅमेराही. डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक थान्यात सीसीटीव्ही लावून चित्रण किमान वर्षभर जपायला सांगितलं. पण ते जपून ठेवा असा अर्ज पहिल्या रिमांडलाच द्यावा लागतो. ‘कॅमेरा खराब होता’ असं उत्तर आलं, तर तेही लेखी घ्यावं. चालान, म्हणजे दोषारोपपत्र, आल्यावर जागा होणाऱ्या वकिलाला यातलं काहीच मिळत नाही.

तसे वकील वाढले आहेत. ‘जमानतीचे इतके’ असा ठेका घेऊन कचेरीच्या दारात उभे राहतात, सुटका झाली की पक्षकाराचा फोन उचलत नाहीत. जामीन म्हणजेच बचाव, असं त्यांनी लोकांच्या मनात बसवलं आहे. याचा मला राग येतो.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले. आयुष्यभर पाठ असलेले कलमांचे आकडे गेले. ज्युनिअरला सगळे नवे तोंडपाठ आहेत. आकड्यांपेक्षा मला एका बदलाची धास्ती वाटते. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 प्रमाणे तेच पंधरा दिवस, गुन्हा पाहून, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यांनी मागता येतात. सोळाव्या दिवशी वकिलाने सोडायचा सुस्कारा गेला. याउलट, नोव्हेंबर 2025 मध्ये मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची कारणं लेखी, आरोपीला कळणाऱ्या भाषेत आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी द्यायला सांगितलं. गोंडी-हलबी बोलणाऱ्यांच्या राज्यात हे हत्यार फार मोठं आहे. पण रिमांडला उभं राहून ‘कारणं कुठे आहेत?’ असं विचारणारा कुणी हवा.

‘हमन तो कुछू नइ करे हन, वकील काबर?’ हा प्रश्न खेड्यातून आलेला बाप विचारतो, आणि रायपूरच्या चौबे कॉलनीतला शिकलेला मराठी माणूसही मराठीत तोच विचारतो. काही केलेलं नाही, त्यालाच वकील आधी लागतो. ज्याने केलं आहे त्याला आपण काय लपवतोय ते ठाऊक असतं. निर्दोष माणूस विश्वासाने जातो, विचारतील ते सांगतो, दाखवतील तिथे सही करतो.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच. थान्यातून ‘बयान द्यायला या’ असा फोन आला की लेखी नोटीस मागा आणि साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून, ते तिच्यात बघा. जाण्याआधी वकिलाशी बोला. घरचं माणूस उचललं गेलं तर वेळ आणि गाडीचा नंबर लिहून त्याच तासाला एसपी आणि दंडाधिकाऱ्यांना ईमेल करा. चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 38 देतं, तो मागा. कोऱ्या कागदावर सही करू नका. पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा नंबर फिरवा; महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. चालान येईपर्यंत थांबू नका. तोवर खटल्याचा निम्मा निकाल लागून गेलेला असतो.