सुटण्याची खूण

शर्यतीत 'निघा' म्हणणारी खूण आणि रेल्वेत 'निघा' म्हणणारी खूण या वरवर एकाच कुळातल्या वाटतात. वसईहून रोज लोकलने मुंबई गाठणारे आम्ही तर त्या दोन्हींची गल्लत करून बसलो आहोत.

शर्यतीची खूण धावणाऱ्यासाठीच असते. ती सर्वांच्या कानी एकाच क्षणी पडावी म्हणून केवढा खटाटोप! आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या मागे स्वतंत्र ध्वनिवर्धक ठेवतात. हाती घड्याळ धरून शंभर मीटरवर उभा असलेला पंच बार ऐकून नव्हे, तर पिस्तुलाचा धूर पाहून कळ दाबतो. एरवी जवळजवळ तीन दशांश सेकंद हरवायचे. बारानंतर एक दशांश सेकंदाच्या आत जो निघाला तोही आधीच निघाला असे धरतात, कारण इतक्या त्वरेने कान आणि पाय यांचा मेळ बसणे शक्य नाही, असे मानले जाते. २०११ साली देगू येथे शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीतून उसेन बोल्टसारखा जगज्जेता बाराआधीच निघाल्याने बाद झाला. सर्वांना समान संधी, एवढाच त्या खुणेचा अर्थ.

फलाटाच्या टोकाचा स्टार्टर सिग्नल मात्र प्रवाशांशी बोलतच नाही. तो मोटरमनला पुढच्या वाटेची खबर देतो. लाल म्हणजे थांब. पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असेल या तयारीने जा. हिरवा म्हणजे वाट मोकळी. डब्यात कोण चढले, कोण लोंबकळते आहे, हे त्या दिव्याला ठाऊक नसते. ते पाहणे गार्डचे काम (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात). त्यांनी दोन घंटा दिल्या तरी सिग्नल लाल असेल तर मोटरमनने हलायचे नाही. परंतु ही घंटा वाजते मोटरमनच्या केबिनमध्ये. फलाटावरच्या गर्दीला ती ऐकू येत नाही.

म्हणून आम्ही दिव्याकडे पाहतो. जिना उतरताना लालाचा पिवळा झाला, की तोच आमचा पिस्तुलाचा बार! वाट मोकळी असल्याची खबर आम्ही शर्यतीची आज्ञा म्हणून ऐकतो. आमच्या शेजारचा एक तरुण असाच धावला. दांडी हाती लागली, पाय टेकला नाही. अंत्यविधीला जमलेल्यांत रोज तसेच धावणारे कितीतरी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच जिन्यावर दिसले.

पहाटेच्या गाडीने दादरला फुले नेणाऱ्या आमच्या मावश्यांचे मात्र निराळे. डोक्यावर पाटी घेऊन धावता येत नाही. लगेजचा डबा जिथे लागतो तिथे त्या पाट्या उतरवतात, चुंबळ सोडून मांडीवर घेतात आणि मोगऱ्याच्या भावाबद्दल बोलत बसतात. सिग्नलकडे पाहताना आम्ही त्यांपैकी एकीलाही पाहिलेले नाही.