स्लोला न थांबणारी गाडी

जालन्यातल्या कुठल्याही गॅरेजसमोर थोडा वेळ उभं राहिलात की एक तक्रार हमखास ऐकू येते, "गाडी स्लोला थांबत नाही." क्लच दाबलेला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडलेला आणि इंजिन स्वतःच्या हिमतीवर मिनिटाला साधारण चौदाशे फेरे मारतंय, याला स्लो म्हणतात. ऐकायला हे आरामाचं काम वाटतं, पण इंजिनासाठी ते सगळ्यात अवघड असतं. गाडी साठच्या वेगात असताना एखादी फायरिंग चुकली तर गतीच्या भरात ती खपून जाते. स्लोला काहीच खपत नाही. हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांच्यात जरा बिनसलं की इंजिन लगेच बंद पडतं.

माझा धाकटा भाऊ अंबडकडून जालना एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला जातो. दुसरी पाळी रात्री बाराला सुटते. परतीच्या रस्त्यावर उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, आणि मागच्या ट्रॉलीला लाल दिवा असेलच असं नाही. त्याच्या गाडीचा हेडलाइट इंजिनावर चालतो. गतिरोधकावर क्लच दाबला की गाडी बंद पडायची आणि समोर काळोख व्हायचा. त्यामुळे "स्लोला थांबत नाही" ही आमच्या घरात किरकोळ तक्रार नव्हती. तो घरी पोचेपर्यंत आई जागी असायची.

गाडी १२५ सीसीची, सेकंडहँड, मूळची इंजेक्शनवाली. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. आता त्याच गाड्या सेकंडहँड होऊन गावोगावी पोचल्यात. पेट्रोलचा पंप किंवा ईसीयू गेला की तालुक्याच्या गॅरेजात स्कॅनर नसतो आणि सुट्या भागांचा आकडा ऐकून पोटात गोळा येतो. भावाला सांगितलेला आकडा त्याच्या दीड पगाराएवढा होता. मग एका गॅरेजने सुचवलं, "इंजेक्शन काढून कार्ब्रेटर टाकून देतो." खर्च निम्म्याहून कमी. गाडी दुसऱ्या दिवशी सुरू झाली आणि आठवड्याभरात रडायला लागली.

हा उलटा प्रवास नवा नाही. इथून तासाभराच्या अंतरावर वाळूजला ज्यांचा कारखाना आहे, त्या बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० इंजेक्शनसह आणली आणि २००९ मध्ये तीच गाडी कार्बोरेटरवर आणली. पण कारखान्यात असा बदल होतो तेव्हा हवेचा मार्ग, ठिणगीची वेळ, वायरिंग असं सगळं एकमेकांशी जुळवून घेतात. गल्लीतल्या गॅरेजात तोच बदल तुकड्यातुकड्याने होतो. कार्बोरेटर एका गाडीचा, सीडीआय दुसऱ्या गाडीचा, मधला रबरी जोड तिसऱ्याच गाडीचा. वेगवेगळा तपासला तर प्रत्येक भाग चांगला निघतो. बिघाड असतो तो दोन भागांच्या मध्ये.

भावाच्या गाडीची लक्षणं अशी होती: थंड असताना चोक ओढून चालू व्हायची. गरम झाली की रेस आपोआप चढायची, मग एकदम खाली येऊन इंजिन बंद. किक मारली तर कधीकधी उलटा फटका पायाला. गॅरेजवाल्याने तीनदा कार्बोरेटर साफ केला, स्लो जेट बदलला आणि शेवटी आयडलचा स्क्रू आवळून रेसच वाढवून ठेवली. गाडी बंद पडायची थांबली, पण अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी वेग कमी होईना. ट्रॅक्टरच्या मागे रात्री अशी गाडी चालवणं आणखी वाईट.

जुन्या जालन्यात एका चाचांचं टपरीवजा गॅरेज आहे. भावाने स्क्रू ड्रायव्हर पुढे केला तर त्यांनी तो बाजूला ठेवला. "कार्ब्रेटरला शेवटी हात लावायचा बेटा. तो सगळ्यांचं पाप झाकतो."

त्यांनी आधी पाण्याची फवारणीची बाटली घेतली. इंजिन स्लोला चालू ठेवून कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या जोडावर बारीक फवारा मारला. रेस लगेच बदलली. जोड कुठूनतरी हवा ओढत होता, पाण्याने ती फट क्षणभर बुजली. काही जण हीच तपासणी पेट्रोल शिंपडून करतात, पण गरम इंजिनावर पेट्रोल उडवणं म्हणजे स्वतःच्या हाताने आग लावणं. इंजेक्शनच्या थ्रॉटल बॉडीचं तोंड आणि कार्बोरेटरचं तोंड एका मापाचं नसतं, म्हणून मध्ये ट्यूब कापून बसवली होती. शिवाय हवेचा दाब मोजणारा सेन्सर काढल्यावर उरलेलं भोक नुसत्या एम-सीलने बंद केलं होतं, आणि तापून त्याला तडा गेला होता. अशी चोरटी हवा आत आली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. रेस आपोआप चढण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं.

नीट मापाचा जोड बसवला, भोकाला आट्यांचा बोल्ट लावला. टॅपेटचा गॅप इंजिन थंड असताना तपासला. रेस चढायची थांबली. किकचा उलटा फटका मात्र तसाच.

मग टायमिंग लाइट आला. इंजिनाच्या डाव्या कव्हरवरचं छोटं झाकण उघडलं की आत फिरणाऱ्या मॅग्नेटवर दोन खुणा दिसतात. 'टी' म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा, 'एफ' म्हणजे ठिणगी पडण्याची. लाइट ठिणगीबरोबर लुकलुकतो, त्यामुळे फिरतं मॅग्नेट थांबल्यासारखं दिसतं. स्लोला 'एफ' खूण कव्हरवरच्या खाचेसमोर यायला हवी. इथे ती खाचेपर्यंत पोचायच्या आधीच ठिणगी पडत होती. चौदाशे फेऱ्यांना एक अंश म्हणजे सेकंदाचा साधारण ८,४०० वा भाग. एवढ्याशा घाईचे काही अंश जमले की पिस्टन वर चढत असतानाच स्फोट त्याला खाली ढकलतो. तोच फटका किकमधून पायाला बसतो, आणि असंच चालत राहिलं तर पिस्टनलाही.

असं का झालं? इंजेक्शनच्या मॅग्नेटवर कडेने अनेक दाते असतात आणि एका ठिकाणी दाता गाळलेला असतो. ईसीयू ते मोजून पिस्टन कुठे आहे ते ओळखतो. साध्या सीडीआयला फक्त एक उंचवटा कळतो. म्हणून रूपांतर करताना जुन्या कार्बोरेटर मॉडेलचं मॅग्नेट टाकलं होतं, पण पिकप कॉइल नव्या गाडीच्या कव्हरातच राहू दिली होती. दोन्ही मॉडेलांत तिची जागा वेगळी. कॉइल चांगली होती, मॅग्नेटही चांगलं होतं, पण दोघांची वेळ जुळत नव्हती. जुन्या मॉडेलचं कव्हर कॉइलसकट बसवलं आणि 'एफ' खाचेसमोर आली.

कार्बोरेटरची पाळी त्यानंतर. आणि तिथे एक नवी गोष्ट कळली. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी ठरवलेला जेट आता थोडं कमीच इंधन देतो. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला कोणी सांगणारं नाही. त्याच्याकडे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असं एक पितळी छिद्र आहे, तेवढंच. चाचांनी एक नंबर मोठा स्लो जेट टाकला, मिक्स्चर स्क्रू कानाने लावला आणि सगळ्यात शेवटी रेस खाली आणली.

गाडी आता स्लोला थांबते. पण म्हणून मी कुणाला असं रूपांतर करा म्हणणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न आहेच, आणि धुरावर लक्ष ठेवणारी यंत्रणाही आपण काढून टाकलेली असते. पण रात्री बाराला सुटणाऱ्या मुलाला उद्या कामावर पोचायचंच असतं, आणि त्या रस्त्याला तेव्हा बस नसते, हेही तितकंच खरं.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर आयडलचा स्क्रू आवळून वेळ मारून नेऊ नका. आधी चोरटी हवा, मग टॅपेट, मग टायमिंग, शेवटी कार्बोरेटर. आणि काढलेलं इंजेक्शनचं सामान गॅरेजात सोडू नका. जालन्यात भंगाराला भट्टीचा रस्ता फार जवळ आहे. भावाची थ्रॉटल बॉडी, दातेरी मॅग्नेट आणि वायरिंग खताच्या गोणीत गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. नव्या पंपासाठी तो दर पगाराला थोडे पैसे बाजूला टाकतो.