वाघ कमी, गणित जास्त

वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. करायला मी देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत गेलो, तेव्हा आमच्या अख्ख्या सोसायटीची समजूत होती की हा आता जीपमधून वाघ बघत हिंडणार. माझ्या वाट्याला आधी आली ती शिकारी प्राण्यांची विष्ठा. ती चाळणीत धुवायची, उरलेले भक्ष्याचे केस वाळवायचे आणि स्लाइडवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. केसाच्या गाभ्याची आणि वरच्या खवल्यांची नक्षी प्राण्यागणिक वेगळी. चितळ, सांबर, वानर यांचे नमुने शेजारी ठेवून जुळवत बसायचं. एका विष्ठेतले निदान वीस केस तपासायचे, तेही हाताला लागतील ते. सोयीचे निवडून नाही.

कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? पण अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा असाच अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबात त्याच्या आहारात कुत्री सुमारे ३९ टक्के निघाली. शेळ्या कुत्र्यांहून कितीतरी जास्त असूनही त्यांचा वाटा बराच कमी होता. गावातला उकिरडा आणि भटकी कुत्री यांचा बिबट्याशी काय संबंध, हे मला तिथे उमगलं.

मग ट्रान्सेक्ट. आखलेल्या सरळ रेषेवर पहाटे चालायचं. चितळांचा कळप दिसला की थांबून संख्या, अंतर, कोन टिपायचा. रेषेवरचा प्राणी चुकत नाही असं धरतात. लांबचे हमखास सुटतात. किती सुटले असतील, याचा अंदाज त्या अंतरांवरूनच बांधतात. कॅमेरा ट्रॅपचंही तेच. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावायचे आणि कोणता वाघ पुन्हा टिपला गेला यावरून न टिपलेल्यांचा हिशेब मांडायचा.

हा हिशेब कच्चा राहिला की काय होतं, ते राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात दिसलं. पंजांच्या ठशांवरून केलेल्या मोजणीत तिथे वाघ होते; २००५ साली उघड झालं की एकही उरलेला नाही. व्यवस्थापन कशाचं करणार मग?

या क्षेत्रात यायचं म्हणणारी मुलं हल्ली मला कोणती दुर्बीण घेऊ म्हणून विचारतात. दुर्बीण पुढेमागे मिळेल, संस्थाही देते. बारावीला गणित मात्र सोडू नका.