लेसरच्या सिटिंगचा खरा हिशोब

चेहऱ्यावरचे केस हा विषय आपल्याकडे बायका एकमेकींच्या कानात बोलतात. पुरुषमंडळींसमोर तर त्याचा उच्चारही होत नाही. त्यामुळे होते असे की, मुलगी एकटीच टोमणे सोसते, आरशासमोर एकटीच रडते आणि मग एखादी जाहिरात वाचून एकटीच निर्णय घेऊन बसते. म्हणून हा विषय आज घरातल्या सर्वांनी वाचावा अशा रीतीने मांडते आहे. मी डॉक्टर नाही. एका कार्यालयात लिपिक आहे, शिक्षण बी.कॉम. हिशोब करणे हे माझे रोजचे काम. आणि वस्तीतल्या आयाबहिणींना घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या मात्र मी पुष्कळ चढले आहे.

माझी भाची वीस वर्षांची. शिकता शिकता एका दुकानात नोकरी करते. दोन-तीन वर्षांपासून तिच्या हनुवटीवर आणि वरच्या ओठावर जाड, काळे केस येऊ लागले. दर आठ-दहा दिवसांनी थ्रेडिंग करायची. नळावरच्या बायका "दाढी आली का गं?" म्हणून हसायच्या. ती तोंडाला ओढणी बांधूनच घराबाहेर पडू लागली. अशातच एका ब्युटी क्लिनिकची जाहिरात तिने पाहिली, "तीन सिटिंगमध्ये केस कायमचे गायब!" पॅकेजची रक्कम तिच्या तीन पगारांएवढी. ती हप्त्यांनी फेडायची सोय होती.

वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "ताई, दोन महिन्यांनी पाहुणे येणार आहेत. तोवर चेहरा साफ होईल ना हिचा?"

मी म्हटले, "वहिनी, पैसे भरण्याआधी एकदा मोठ्या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभागात दाखवू. केसपेपरचे पैसे ते किती!"

सकाळी लवकर जाऊन रांग लावली. डॉक्टरीणबाईंनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "पाळी वेळेवर येते का?" भाची गप्प. दोन-दोन, तीन-तीन महिने येत नव्हती. ही गोष्ट तिने आईलाही सांगितली नव्हती आणि क्लिनिकमध्ये कोणी विचारलीही नव्हती. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. पीसीओएस निघाले. म्हणजे शरीरातल्या संप्रेरकांचा तोल बिघडलेला. अशा वेळी नुसता लेसर मारला तर एकीकडे केस कमी होतात आणि दुसरीकडे नवे उगवत राहतात. म्हणून आधी पाळीचा उपचार. त्या गोळ्यांचा केसांवर परिणाम दिसायलाही सहा महिने लागतात, असे बाईंनी बजावले.

मग मी विचारले, "बाई, लेसरला नेमका वेळ किती लागतो?" त्यांनी जे समजावले ते आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे.

लेसर म्हणजे एका ठराविक तरंगलांबीचा प्रखर प्रकाश. केसातला काळा रंग तो प्रकाश शोषतो, त्याची उष्णता होते आणि केसाचे मूळ भाजते. हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1983 साली मांडले. केसांसाठीच्या पहिल्या यंत्राला अमेरिकेत 1995 साली मान्यता मिळाली. पण प्रत्येक केसाच्या तीन अवस्था असतात: वाढीची, थांबण्याची आणि विश्रांतीची. लेसरचा घाव वाढत असलेल्या केसावरच नीट बसतो. मतदार यादीचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हे लगेच कळेल. एका फेरीत सगळी घरे उघडी सापडत नाहीत. कोणी कामावर, कोणी गावी. पुन्हा पुन्हा फेरी मारावी लागते. केसांचेही तसेच. म्हणून एका सिटिंगमध्ये काम होत नाही, आणि रोज रोज जाऊनही ते लवकर होत नाही.

साधारणपणे सहा ते आठ सिटिंग लागतात. चेहऱ्यासाठी दोन सिटिंगमध्ये चार ते सहा आठवडे आणि हातपाय, काख यांसाठी सहा ते आठ आठवडे अंतर ठेवतात. घरी आल्यावर मी कागदावर हिशोब मांडला. चेहऱ्याच्या सहा सिटिंग म्हणजे मधली पाच अंतरे, म्हणजे वीस ते तीस आठवडे. आठ सिटिंग झाल्या तर अठ्ठावीस ते बेचाळीस आठवडे. म्हणजे पाच महिन्यांपासून जवळजवळ दहा महिन्यांपर्यंत. शरीरासाठी हाच हिशोब सात महिन्यांपासून तेरा महिन्यांपर्यंत जातो. संप्रेरकांचा दोष असेल तर याहूनही जास्त. त्यानंतरही वर्षातून एखाद-दोन वेळा जावे लागते. कागद वहिनींसमोर ठेवला. दोन महिन्यांत काय होणार होते, ते त्यांना न सांगता कळले.

प्रत्यक्ष सिटिंगला वेळ थोडा लागतो. वरच्या ओठाला काही मिनिटे, दोन्ही काखांना पाव तास, दोन्ही पाय पूर्ण करायचे तर तासभर. रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो. केस त्याच दिवशी गळत नाहीत. एक ते तीन आठवड्यांत हळूहळू गळतात. तोवर ते वाढत आहेत असेच वाटते. "पैसे फुकट गेले" म्हणून पुष्कळ मुली इथेच धीर सोडतात.

आता "कायमचे गायब" या शब्दांबद्दल. अमेरिकेतील अन्न व औषध प्रशासन लेसरच्या बाबतीत केसांची कायमस्वरूपी घट एवढेच म्हणू देते. कायमचे निर्मूलन म्हणू देत नाही. केस कमी होतात, बारीक होतात, उशिरा येतात. पांढऱ्या केसांवर तर लेसर चालतच नाही, कारण प्रकाश शोषायला रंगच नसतो.

आपल्या सावळ्या त्वचेची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. रंग त्वचेतही असतो, म्हणून चुकीचे यंत्र किंवा जास्त शक्ती वापरली तर केसाबरोबर कातडीही भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. गडद त्वचेला 1064 नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेसर जास्त सुरक्षित समजतात. काही जागी आयपीएल नावाचे यंत्र लेसर म्हणून खपवतात, पण तो लेसर नव्हे. काही जणींना, विशेषतः चेहऱ्यावर, उलट केस वाढल्याचेही दिसते. उन्हाने त्वचा रापलेली असेल तर धोका वाढतो. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या किंवा साफसफाईचे काम करणाऱ्या बहिणीने हे डॉक्टरांना आधीच सांगावे आणि भर उन्हाळ्यात सुरुवात करू नये. गरोदरपणी लेसर टाळतात.

सुरुवातीच्या आधी चार ते सहा आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा बंद ठेवावा लागतो, कारण मुळासकट उपटलेल्या केसाला लेसर काय करणार? वस्तरा मात्र चालतो. वस्तऱ्याने केस जाड होतात ही समजूत खोटी आहे. टोक बोथट कापले गेल्याने ते तसे वाटतात, एवढेच.

पैशाच्या बाबतीत माझे सांगणे स्पष्ट आहे. एका सिटिंगचा दर विचारा, त्याला आठने गुणा आणि मग घरात बसून विचार करा. सगळी रक्कम एकदम भरू नका. पक्के बिल घ्या. हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचा, कारण क्लिनिकला उद्या टाळे लागले तरी कर्ज देणारा हप्ता मागतच राहतो. काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत लेसरचे यंत्र असते. तिथे आधी चौकशी करा.

भाचीने ते पॅकेज घेतले नाही. गोळ्या सुरू झाल्या, पाळी सुधारली आणि मग रुग्णालयातच लेसर सुरू केला. मध्यंतरी पाहुणे येऊन गेले. वहिनींचे म्हणणे होते की, काही बोलू नये. मुलीने मात्र मुलाच्या आईला स्वतःच सांगितले, "मला हा त्रास आहे, उपचार चालू आहेत." त्यांचा निरोप आला नाही. चार दिवस घरात कोणी नीट जेवले नाही. पण मुलगी कामावर गेली आणि पुढच्या सिटिंगची तारीखही तिने चुकवली नाही. नऊ महिन्यांत सहा सिटिंग झाल्या आहेत. केस पुरते गेलेले नाहीत, पण विरळ झाले आहेत. ओढणी आता खांद्यावर असते.

भगिनींनो, केस काढावेत की ठेवावेत हे ज्या त्या मुलीने ठरवावे. केस असणे हा गुन्हा नाही आणि ते काढावेसे वाटणे ही काही चैन नाही. पण पाळी चुकत असेल, केस अचानक वाढत असतील, तर पार्लरच्या आधी दवाखाना गाठा. आणि घरातल्या थोरांनी एवढे करावे की, मुलीला लग्नाच्या तारखेची घाई लावू नये. या उपचाराला वर्षभराचा काळ लागतो. त्या काळात तिला टोमणा मारणाऱ्याला गप्प बसवणारे कोणीतरी घरात असले पाहिजे.