जुळवून घ्यायचं कुणी?

मैत्रिणींनो, तेल महागलं की अर्थव्यवस्था हळूहळू जुळवून घेते, असं बी.ए.ला शिकले होते. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, काही महिन्यांत भाव जवळजवळ चौपट झाले. तरी जग चाललंच. खामगावात तेव्हा रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभं राहायचं काम लहानग्या सासूबाईंचं!

आपणही डाळ भिजवून शिजवतो, वरण-भात एकाच कुकरमध्ये लावतो. पण २०२२ मध्ये सिलिंडर हजारावर गेला, तेव्हा आमच्या धुणंवाल्या मावशींनी पुन्हा चुलीत पऱ्हाट्या घातल्या. जुळवून घेणं म्हणतात ते हेच ना? बचतीचा हिशेब मांडताना, बायांनो, त्यांचा खोकलाही मांडायला हवा.